"मापं बदलली, बास" म्हणणाऱ्यांसाठी

शिवणक्लासवाली:
थंडीच्या कपड्यांवरच्या चर्चेच्या धाग्यावर काल खवचट खंडू यांनी पिंक टाकली: "कॅमल कोट मुळात पुरुषांचा पोलो कोट. बाई डिझायनरांनी मापं बदलली, किंमत वाढवली, बास." त्यावर चार अंगठेही आले. म्हणून हा वेगळा धागा.

इंग्रज खेळाडू पोलोच्या दोन चक्करींच्या, म्हणजे डावांच्या, मधे पोलो कोट अंगावर टाकायचे, हे खरं. पण १९८१ साली डिझायनर ॲन-मरी बेरेता यांनी मॅक्स मारा या इटालियन कंपनीसाठी १०१८०१ नंबरचा कॅमल कोट बेतला, त्यात मुंढाच (बाही जोडायची गोलाई) ठेवला नाही. अंग आणि बाही एकाच कापडात. क्लासच्या बाई त्याला मॅगयार म्हणायच्या, तिकडे किमोनो बाही म्हणतात. तेव्हा ऑफिसला जाणाऱ्या बायका खांद्यात पॅड भरलेली जाकिटं घालत. त्यावर मुंढ्याचा कोट चढवून बघा, काखेत काचतो की नाही! हा जाकिटासकट झपकन चढतो. पुढची दुहेरी बटणं ठेवली, म्हणजे रुबाब तोच. चाळीस वर्षांनंतरही तोच कोट विकतायत. मापं बदलली म्हणे!

खवचट खंडू:
बाही जपानची, कोट इंग्रजांचा, कारखाना इटलीचा. बाईंचं काय?

दीडशहाणा:
खऱ्या किमोनोची बाही वेगळी कापून जोडतात. नाव जपानी आहे, बेत नाही. आणि पोलो मणिपूरचा. इंग्रज तो शिकले आणि १८५९ ला सिलचरला क्लब काढून बसले. मग इंग्रजांचं तरी काय, खंडूशेठ?

टिकलीभर:
मुंढे राहू द्या हो, खिशांवर बोला! परवा टेलरकाकांना कुर्त्याला खिसा सांगितला, तर म्हणे "ताई, फॉल बिघडतो." त्यांच्या स्वतःच्या शर्टाच्या खिशात टेप, खडू, चष्मा, सगळं! अमेरिकेत बॉनी कॅशिन या डिझायनरनं कोटाच्या खिशालाच पर्सची चाप बसवली होती. पुढे कोच कंपनीच्या पिशव्यांना पितळी फिरकी लावली तीही तिनंच. ही खरी सुधारणा.

खवचट खंडू:
खिसे दिले तरी पर्स घेणारच. लग्नाला गेलो की माझ्या कोटात बायकोचा फोन, मेव्हणीची लिपस्टिक, सासूबाईंच्या गोळ्या. मी माणूस आहे की कपाट?

टिकलीभर:
कारण तुमच्या कोटाला पाच खिसे आहेत आणि त्यांच्या पैठणीला शून्य! स्वतःच पुरावा देताय आणि स्वतःच रडताय.

दीडशहाणा:
कनवटी होती की पूर्वी.

टिकलीभर:
त्यात साडेसहा इंची फोन खोचून दाखवा. व्हिडिओ टाका.

शिवणक्लासवाली:
अहो, धागा कोटाचा आहे! खिशांचा वेगळा काढा.

बॉस्टनकर काकू:
भांडू नका रे. १९७८ च्या हिवाळ्यात मी इथे आले. पहिला हिवाळा साडीवर ह्यांचा ओव्हरकोट. खांदे कोपरापर्यंत ओघळलेले, बटणं उलट्या बाजूला. पुढच्या वर्षी बायकांचा घेतला, अगदी खंडू म्हणतो तसा, पुरुषीच पण लहान केलेला. आत स्वेटर, त्यावर पदराची घडी, की हात वरच जाईना. बसमधे दांडा धरता यायचा नाही, दोनदा धडपडले. असला बिनमुंढ्याचा कोट थेट नव्वदीत मिळाला, तोही सेकंडहँड. खंडू, बाळा, मापं बदललेला कोट मी घातलाय. तू नाही.

खवचट खंडू:
काकूंपुढे काय बोलणार. मुंढा मान्य. काकूंमुळे हं, धागाकर्तीमुळे नाही. पण नाव कॅमल आणि आत मेंढीची लोकर न् काश्मिरी बकरीची! उंटाचा एक केस नाही आणि किंमत मात्र उंटाएवढी.

शिवणक्लासवाली:
रंगाचं नाव आहे ते. मोरपंखी साडीत पिसं शोधता का?

खवचट खंडू:
बायकोच्या साड्या शोधायची आमची हिंमत नाही.

टिकलीभर:
व्हिडिओ कुठाय, दीडशहाणे?