प्लेऑफला मराठीत काय म्हणावं?

दादर :
बाबांच्या कात्रणांच्या वहीत मार्च २०२२ची फुटबॉलची बातमी सापडली. पालेर्मोत वर्ल्ड कपच्या पात्रता प्लेऑफमध्ये उत्तर मॅसिडोनियाने इटलीला १-० हरवलं, मथळा ‘इटली बाद फेरीत गारद’. बाबा म्हणाले, “बाद व्हायला आधी स्पर्धेत असावं लागतं ना?” खरंच, इटली कतारच्या वर्ल्ड कपला गेलीच नव्हती. मग या प्लेऑफला शब्द कोणता?

परळ :
बाबांना नमस्कार सांगा. ‘बाद फेरी’ चूकच, पण हा घोळ आयपीएलमुळे झालाय. तिथे साखळी संपली की वरचे चार संघ प्लेऑफला, म्हणजे स्पर्धेचा शेवटचा टप्पा. फुटबॉलमधला हा प्लेऑफ म्हणजे स्पर्धेच्या दाराबाहेरची झटापट. त्यात आयपीएलच्या प्लेऑफमधल्या पहिल्या सामन्याचं नाव ‘क्वालिफायर’, आणि तो हरलेला संघ बादही होत नाही, त्याला अजून एक सामना मिळतो!

बोरिवली :
सोप्पंय. लोकलची चौथी सीट. तिघं आरामात बसलेत ते गटविजेते, उभ्या असलेल्यांपैकी कोण टेकणार त्याचा प्लेऑफ. युरोपला २०२६च्या वर्ल्ड कपसाठी १६ जागा. १२ गटविजेते थेट, उरलेल्या चार जागा प्लेऑफमधून.

परळ :
झकास. पण मथळ्यात कशी घालणार?

गिरगाव :
मूळ अर्थ बघा. बरोबरीत अडकलेल्यांनी पुन्हा खेळून निकाल लावायचा, तो प्लेऑफ. १९५४च्या वर्ल्ड कपमध्ये पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांचे गुण समान झाले, म्हणून पुन्हा सामना झाला, जर्मनी ७-२. याला आपल्याकडे खो-खोतला ‘अलाहिदा डाव’ आहे. तिथेही बरोबरी झाली तर लघुत्तम आक्रमण. कबड्डीत पाच-पाच चढाया, मग सुवर्ण चढाई. हे शब्द मैदानात रुळलेत, कोशात पडून नाहीत. तेव्हा ‘अलाहिदा सामना’ म्हणा.

दादर :
काका, शब्द सुंदर, पण इथे बरोबरी कुठेय? २०१७मध्ये इटली पात्रता गटात स्पेनच्या मागे दुसरी आली आणि गाठ पडली दुसऱ्याच गटातल्या स्वीडनशी. दोन सामन्यांत मिळून ०-१.

गिरगाव :
मान्य. मोह झाला, मागे घेतो.

बोरिवली :
लॅटिन अमेरिकेत याला ‘रेपेचाखे’ म्हणतात. म्हणजे आपल्या कुस्तीतलं रेपेचाज, ज्यातून साक्षी मलिकला २०१६मध्ये रिओत कांस्य मिळालं. मूळ फ्रेंच अर्थ, पाण्यात पडलेल्याला परत बाहेर काढणं.

परळ :
कुस्तीत ती संधी अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यांना मिळते, त्यामुळे तेही तंतोतंत बसत नाही. माझं मत : पहिल्या उल्लेखात ‘अखेरच्या जागेसाठी लढत’, पुढे सरळ प्लेऑफ. खरी अडचण ‘लेग’ची आहे, म्हणजे त्याच दोन संघांतल्या दोन सामन्यांपैकी एकेकाची. ‘पहिला पाय, दुसरा पाय’ असं मी छापलेलं वाचलंय, शपथ! ‘परतीचा सामना’ आणि ‘गोलांची बेरीज’ म्हटलं की भागतं. २००५च्या प्लेऑफमध्ये उरुग्वेने माँटेव्हिडिओत १-० जिंकला, परतीचा सामना ऑस्ट्रेलियाने सिडनीत १-०. बेरीज १-१, पेनल्टीवर ऑस्ट्रेलिया ४-२, आणि १९७४नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला. कुठे अडलं?

दादर :
बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कात्रणावरचं ‘बाद फेरीत गारद’ खोडून वर पेनाने लिहिलंय, ‘दारातूनच परत’.