सिलिकाची धूळ: मास्क वाटले की झालं?

सुमेधा: 'कामगारांना एन९५ वाटा, पाणी-व्हॅक्यूमची भानगड नको' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. काँक्रीट घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका (वाळू-दगडातलं खनिज) असते. त्यातली दिसणारी धूळ बरीचशी खाली बसते. फुप्फुसात खोल जाते ती १० मायक्रॉनहून बारीक, आणि ती तासन् तास हवेत तरंगते. एन९५ नीट बसला तर १० पट संरक्षण. अमेरिकेच्या ओशाची (कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था) हवेतल्या बारीक सिलिकाची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे हवेत ५०० च्या वर गेलं की एन९५ अपुरा. बंद खोलीत काँक्रीट कोरडं घासताना हे सहज होतं.

ग्राइंडरवाला: चालू ग्राइंडरवर पाणी मारून शॉक बसला तर जबाबदार कोण? शिवाय चिखल वाळला की पुन्हा धूळच.

शंतनू: साध्या ग्राइंडरवर पाणी ओता असं कोण म्हणालं? पाण्याची जोडणी मुळातच असलेलं मशीन घ्या, ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. नाहीतर श्राउड (चाकाभोवतीचं धूळ अडवणारं झाकण) आणि व्हॅक्यूम: चाकाच्या व्यासाच्या दर इंचाला २५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) ओढ, ५ इंचाला १२५. घरगुती व्हॅक्यूममधून बारीक धूळ मागून परत बाहेर येते, हेपा (अगदी बारीक कण अडवणारा) फिल्टरच हवा. फिल्टर चोंदला की ओढ कमी होते आणि श्राउड नुसता शोभेला उरतो.

बाळा७: दाढीबद्दल कुणीच बोलत नाही! खुंट वाढले तरी कडेने हवा आत शिरते. फिट टेस्ट (मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते बघणं) न करता मास्क वाटणं म्हणजे नुसती सही घेणं.

ग्राइंडरवाला: म्हणजे आता कामावर ठेवताना दाढी बघायची? श्रद्धेने राखणाऱ्याला काय सांगणार?

बाळा७: त्याला पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारा सैल हुड द्या, पीएपीआर. २५ पट संरक्षण, दाढी असली तरी चालतं.

ग्राइंडरवाला: किंमत बघितलीय का त्याची?

सुमेधा: पैसे वाचवायचेत तर तसं सरळ म्हणा, श्रद्धेच्या आड लपू नका. सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) बरा होत नाही, वर टीबीचा धोका वाढतो.

ग्राइंडरवाला: आवाज चढवू नका. श्राउडचं मान्य, मास्क त्याच्या जोडीला. पण चिखलाचं उत्तर अजून आलेलं नाही.

शंतनू: ओला असतानाच उचला, पिशवीत भरून तोंड बांधा. कोरडा झाडू नको, कॉम्प्रेसरने कपडे झटकणं तर अजिबात नको.