गुहेतल्या बर्फावरून जुने हिवाळे कसे कळतात?

मेघना_क्लुज: मी रोमानियात शिकते. रविवारी आम्ही अपुसेनी डोंगरातली स्कारिशोआरा बर्फगुहा पाहिली. ४८ मीटर खोल विवरात लोखंडी जिन्यानं उतरलो. वर हिरवंगार रान आणि खाली प्रचंड बर्फ. गाइड म्हणाला, हा बर्फ दहा हजार वर्षांचा आहे, त्यावरून जुनं हवामान कळतं. हिमनदीत दरवर्षी हिम पडून थर साचतात हे समजतं. पण गुहेत हिम पडत नाही, मग थर कुठून आले?

भूगोलवाले_सर: मेघना, तो बर्फ हिमाचा नाही, गोठलेल्या पाण्याचा आहे. पावसाचं पाणी झिरपून बर्फाच्या माथ्यावर उथळ तळं साचतं. थंडी पडली की जड, गार हवा विवरातून खाली उतरते आणि तळं वरून खाली गोठत जातं. झाला थर! उन्हाळ्यात बाहेरची गरम हवा हलकी, ती खाली शिरत नाही, म्हणून बर्फ टिकतो. दोन थरांमध्ये चुनखडीची भुकटी, माती, पालापाचोळा अडकतो. त्यातल्या पानांच्या, लाकडाच्या कणांवरून कार्बन-१४ पद्धतीनं (त्यात किरणोत्सारी कार्बन किती उरलाय ते मोजून) वय काढतात.

आता तापमान. थंडीतल्या पावसात ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड प्रकार, कमी असतो, उबेत जास्त. तळ्यातलं पाणी मुख्यतः शरदाच्या अखेरीचं आणि हिवाळ्याच्या तोंडाचं, त्यामुळे थर त्याच दिवसांची खबर देतो. मला तर हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. झाडांची वलयं बहुधा वाढीच्या हंगामाबद्दल सांगतात. हिवाळ्याचे साक्षीदार फार थोडे. संशोधक ऑरेल पेर्शोयू आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली याच बर्फावरून सुमारे दहा हजार वर्षांचे हिवाळे मांडले.

नीलेश_रसायन: सर, एक शंका. पाणी गोठताना जड ऑक्सिजन आधी बर्फात जातो. मग एकाच थराचा वरचा भाग उबदार आणि खालचा थंड नाही का दिसणार?

भूगोलवाले_सर: दिसतोच! म्हणून थराचा एखादा तुकडा घेऊन भागत नाही. गोठण्याच्या क्रमाचा हिशेब लावून मूळ पाण्याचं प्रमाण काढावं लागतं. शिवाय उन्हाळी पावसाचं पाणी आत आलं की वरचे थर वितळतात आणि तळाचा बर्फ जमिनीच्या उष्णतेनं झिजतो. काही वर्षं कायमची पुसली जातात. नुसते थर मोजून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शर्वरी_पुणे: आपल्याकडे गुहांवरून असं काही झालंय का?

भूगोलवाले_सर: बर्फावरून नव्हे, पण मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभातून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस क्षीण झाल्याची नोंद मिळाली. २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी तिथून सुरू होणाऱ्या कालखंडाला 'मेघालयन' नाव दिलं. तिथे जुना पावसाळा कळतो, स्कारिशोआरात जुना हिवाळा. दोन्ही नोंदी हव्यात.

मेघना, तू क्लुज शहरातच आहेस ना? जीवशास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा यांनी १९२० साली तिथेच जगातली पहिली गुहाविज्ञान संस्था काढली. तिथल्या संशोधकांना लिहून बघ. आणि गुहेत पुन्हा गेलीस तर बर्फाच्या उभ्या कड्यावरच्या काळपट रेघांचा फोटो इथे टाक, मग एकेक थर घेऊन बोलू.