छोट्या विमानाला बाहेरून वीज: सॉकेट थेट बॅटरीवर की कॉन्टॅक्टरमधून?

यवतमाळी पंख: आमचं दोन आसनी विमान 12 व्होल्टचं. इंजिन बंद ठेवून पोरांना रेडिओ, स्क्रीन शिकवता शिकवता बॅटरी उतरते. म्हणून बाहेरच्या विजेचं सॉकेट बसवायचंय. माझं मत, जाड केबल थेट बॅटरीला न्यावी. कॉन्टॅक्टर (कॉईलला वीज मिळाली की चालू होणारा मोठा स्विच) कायले पाहिजे? सांधे कमी तर बिघाडही कमी.

वर्धेचा वायरमन: नाही भाऊ. थेट जोडलं तर सॉकेटच्या पिना कायम जिवंत राहतात. पाना आडवा पडला की शेकडो अँपिअर वाहतील, तेही पेट्रोलच्या टाकीशेजारी! तीन पिनांचं सॉकेट घ्या. दोन जाड पिना धन-ऋण, तिसरी बारीक आणि आखूड. तिच्यातून डायोडमार्गे, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या भागातून, कॉन्टॅक्टरच्या कॉईलला वीज जाते. केबल उलटी लागली तर डायोड अडवतो, कॉन्टॅक्टर चालूच होत नाही. प्लग काढताना आखूड पिन आधी सुटते आणि कॉन्टॅक्टर वीज तोडतो, त्यामुळे जाड पिनांवर ठिणगी पडत नाही.

यवतमाळी पंख: पण प्लग एकाच बाजूने बसतो. उलटा लागेल कसा?

वर्धेचा वायरमन: विमानाकडचं टोक बरोबरच बसेल. दुसऱ्या टोकाचे चिमटे घाईत कोण कुठे लावेल, सांगता येतं का?

काटोलकर: मला 24 व्होल्टची भीती जास्त वाटते. आपल्या धावपट्ट्यांवर विमानाला वीज देणारी ग्राउंड पॉवरची गाडी कुठली! ट्रॅक्टरची बॅटरी 12 ची, पण टिप्परमध्ये दोन बॅटऱ्या जोडून 24. जवळ उभा टिप्परच असतो. डायोड फक्त दिशा ओळखतो, व्होल्ट मोजत नाही. 16 च्या वर गेलं की कॉईलची वीज तोडणारं सर्किट हवंच.

अकोल्याची एएमई (विमान देखभाल अभियंता): माझा जाड केबललाच विरोध आहे. ती आली की उतरलेल्या बॅटरीवर इंजिन चालू करून उडायचा मोह होणार. हवेत इंजिनवर वीज बनवणारा अल्टरनेटर गेला तर मागे काय उरतं? मे महिन्यातल्या आपल्या 45 अंशांत लेड-ॲसिड बॅटरी आधीच खंगलेली असते. उतरली की काढा, चार्ज करा, क्षमता तपासा, मग उडा. शिकवण्यापुरती फ्यूज लावलेली बारीक वायर पुरते. आणि मंजुरी घेतल्याशिवाय असा बदल करायचा नसतो.

यवतमाळी पंख: ताई, मग लांबच्या पट्टीवर विमान अडकलं तर?

अकोल्याची एएमई: अडकू द्या. चांगली बॅटरी गाडीत घालून तिथे पोचवता येते.

वर्धेचा वायरमन: ताई, उडायचं नाही हे मान्य. पण वर्कशॉपमध्ये स्टार्टर तपासायला जाड केबल लागतेच. मी कॉन्टॅक्टरवर ठाम आहे.