विषय: इलेक्ट्रिक गाडीची पुढची काच थंडीत सारखी धूसर होते, उपाय सांगा

नमस्कार मंडळी,

पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घेतली, बाकी सगळं झकास आहे, पण थंडी पडल्यापासून पुढच्या काचेवर आतून वाफ धरते ती जाता जात नाही. रेंज (एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर) कमी होते म्हणून मी हीटर बंद ठेवते आणि नुसती सीट आणि स्टिअरिंग गरम करते, सगळे तेच सांगतात. मग सिग्नलला थांबले की हाताने पुसायचं, जरा पुढे गेलं की परत तेच, आणि मुलं मागे बसलेली असली तर विचारूच नका. जुन्या गाडीत हे कधी जाणवलंच नाही. कोणीतरी म्हणालं एसी लाव. थंडीत एसी?? ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी प्लीज सांगा.

---

उत्तर:

ताई, एसीचं ज्याने सांगितलं त्याने बरोबर सांगितलंय. आणि खरी गोम त्या बंद हीटरमध्ये आहे. सीट गरम केली की तुम्हाला ऊब मिळते, काचेला काय मिळतं? काहीच नाही, ती बाहेरच्याइतकीच गार राहते. एक माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे चौघं बसलात तर तासाभरात पेलाभर पाणी, ते गार काचेवर नाही बसणार तर कुठे बसणार.

जुन्या गाडीत इंजिनाची उष्णता फुकट मिळायची, ती ब्लोअरमधून काचेवर यायची आणि आपल्याला कळायचंही नाही. इथे तीच उष्णता बॅटरीतून काढावी लागते, म्हणून इको मोडमध्ये बऱ्याच गाड्या हीटर हात आखडून देतात आणि आतलीच हवा परत परत फिरवतात, म्हणजे रीसर्क्युलेशन. ऊर्जा वाचते, पण श्वासातलं पाणी आतच कोंडून राहतं. तेव्हा पहिलं काम, गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण बंद करा आणि बाहेरची हवा आत घ्या. बाहेर कितीही दमट वाटलं तरी थंड हवेत पाणी मावतच कमी. शून्य अंशाला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास, २० अंशाला १७ ग्रॅम. म्हणजे तीच हवा आत येऊन तापली की एकदम कोरडी होते आणि काचेवरचं पाणी ओढून घेते.

एसी गारव्यासाठी नाही लावायचा, हवा वाळवायला लावायचा. हवा आधी आतल्या गार कॉइलवरून जाते, पाणी तिथे गळून खाली पडतं, मग तीच हवा गरम होऊन काचेवर येते, म्हणून हीटर आणि एसी एकाच वेळी चालू ठेवणं यात काही चुकीचं नाही. बाहेर शून्याच्या खाली गेलं की बऱ्याच गाड्यांमध्ये कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून ही वाळवणी आपोआप बंद होते, तेव्हा घाबरू नका, त्या वेळी बाहेरची हवाच पुरेशी कोरडी असते.

आता रेंजची भीती. फुल डिफ्रॉस्ट, म्हणजे काचेवर पूर्ण जोरात गरम हवा, ५-६ किलोवॅट खातं हे खरं, पण पाच मिनिटांत ते होतं जेमतेम अर्धं युनिट. ६० युनिटची बॅटरी असेल तर १ टक्काही नाही! तेवढ्यासाठी समोरचं न दिसता गाडी चालवायची हा हिशोब मला तरी पटत नाही.

---

उत्तर:

वरचं सगळं मान्य, पण काच आतून स्वच्छ आहे का ते आधी बघा की राव. नवीन गाडीत डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून काहीबाही उडून काचेवर तेलकट थर बसतो आणि त्यावर वाफ पटकन धरते. हाताने पुसणं तर बंदच करा, हाताचं तेल लागून पुढच्या वेळी तिथेच चट्टे उठतात. काच धुवायचं लिक्विड आणि स्वच्छ मायक्रोफायबर, बस. लोक शेव्हिंग फोम चोळतात, त्याने थोडे दिवस फरक पडतोही, साबणासारखा थर असल्याने थेंब न बनता पाणी पसरतं, पण रात्री समोरून लाइट आले की चमक मारते, मला नाही आवडत.

आणि पायाखालचे मॅट! बुटांना लागलेला बर्फ वितळून तिथेच मुरतो, दुसऱ्या दिवशी तेच पाणी काचेवर. मॅट बाहेर काढून वाळवा. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, किती जुना आहे तेही बघा, चोंदला असेल तर ब्लोअर कितीही वाढवा, हवा येतच नाही.

---

प्रश्न:

आभार दोघांचे! बाणाचं बटण खरंच चालू होतं, बंद केल्यावर लगेच फरक दिसला. पण अजून एक, गाडी चालू केल्यावर पहिल्या मिनिटाला काच स्वच्छ असते आणि मग अचानक एकदम पांढरी होते, हे काय?

---

उत्तर:

ते मागच्या वेळी एसीच्या कॉइलवर उरलेलं पाणी असतं, ताई. एसी बंद करून गरम हवा सोडली की ते पुन्हा वाफ होऊन थेट काचेवर येतं. म्हणून मधेच एसी बंद-चालू करत बसू नका, थंडीत तो सुरुवातीपासून चालू राहू द्या. आणि गाडी चार्जरला लावलेली असतानाच निघायच्या आधी १५-२० मिनिटं ॲपवरून गरम करायला लावा, म्हणजे काच तापवायचा खर्च बॅटरीतून न होता प्लगमधून होतो. फक्त त्या वेळी आत ओले मॅट ठेवू नका, नाहीतर गाडीत बसायच्या आधीच काच पांढरी.

ऑटो मोड असेल तर तोच लावा, बऱ्याच गाड्यांत आरशामागे ओलावा मोजणारा सेन्सर असतो. त्यावर मोबाईलचा होल्डर चिकटवला असेल तर आधी काढा.