नगर रोडची बीआरटी काढली, ते बरोबर झालं का? (चर्चा)

येरवडा_वाघोली:
पुण्यातल्या नगर रोडवरची बीआरटी, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली लेन आणि तिचे थांबे, २०२३ मध्ये उखडली. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरत होते. आता रस्ता मोकळा होणार, एक अख्खी लेन मिळणार, वगैरे. ज्यांना अजूनही तसं वाटतं त्यांनी संध्याकाळी सात वाजता शास्त्रीनगर चौकात जाऊन उभं राहावं. मिळालेली लेन भरली आहे आणि बस आता त्याच गर्दीत अडकली आहे.

माझं मत सरळ आहे. ही बीआरटी अर्धवट बांधली, अर्धवट चालवली आणि मग चालत नाही म्हणून काढून टाकली. देशातली पहिली बीआरटी पुण्यात आली, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर. अहमदाबादची २००९ ला सुरू झाली. म्हणजे आपण त्यांच्या पुढे होतो. मग २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत झाली, २०१६ मध्ये नगर रोड. आणि सात वर्षांत नगर रोडचा विषय संपला.

मला जास्त खटकतं ते पुढचं. मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. करोडो रुपयांची गोष्ट पाडायचा निर्णय झाला, तो सभागृहात चर्चेला न येता. जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली, आता १६५ लोक निवडून आलेत. त्यांच्यासमोर पहिला विषय हा यायला हवा असं मला मनापासून वाटतं: बसला या शहरात स्वतःची जागा देणार की नाही?

खराडी_बायपास:
नाही पटलं. मी रोज खराडीहून कोरेगाव पार्कला गाडीने जातो. बीआरटी असताना आम्हाला उरायच्या दोन लेन, त्यातली डावीकडची रिक्षा आणि पार्किंगने खाल्लेली. म्हणजे चालू लेन एकच. आणि शेजारी बसची लेन रिकामी. सिग्नलला उभं राहून रिकाम्या डांबराकडे बघत बसायचं. लोक चिडणार नाहीत तर काय करतील?

शिवाय ती लेन रिकामी तरी कुठे राहायची? दुचाकीवाले घुसायचे, वॉर्डन शिट्टी मारायचा, कोणी ऐकायचं नाही. उलट्या दिशेनेही गाड्या यायच्या. ज्या लेनची राखण करता येत नाही ती ठेवून उपयोग काय? लोकांनी मागणी केली, लोकप्रतिनिधींनी ती लावून धरली. लोकशाहीत हेच होतं. नगरसेवक नव्हते म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

येरवडा_वाघोली:
तुम्हाला रिकामी दिसायची कारण तुम्ही बस बघत होतात, बसमधली माणसं नाही. चाळीस सेकंद लेन रिकामी, मग एक बस साठ माणसं घेऊन जाते. तुमच्या लेनमध्ये त्या चाळीस सेकंदात किती माणसं पुढे सरकली?

सिग्नल_सायकल:
वाहतूक नियोजनात काम करतो. येरवडा_वाघोली, तुमची बाजू मला भावते, पण हा हिशोब नेहमी मोटारीशी तुलना करून मांडला जातो आणि पुण्यात तो तिथेच चुकतो. इथे लेन भरते ती दुचाकींनी.

आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) साधं सूत्र आहे: सिग्नल हिरवा असताना रस्त्याच्या रुंदीच्या दर मीटरला तासाला ५२५ पीसीयू, म्हणजे मोटारीच्या हिशोबातली वाहनं. ते मुळात याहून रुंद रस्त्यासाठी आहे, पण अंदाजाला चालेल. साडेतीन मीटरची लेन धरा, म्हणजे साधारण १,८४०. मोठ्या चौकात एका दिशेला हिरवा दिवा ३५ ते ४० टक्के वेळच मिळतो, म्हणजे उरले ७०० च्या आसपास. सगळ्या मोटारी असतील आणि गाडीत दीड माणूस धरलं तर हजारभर माणसं. पण दुचाकीला निम्मं युनिट धरलं तर त्याच लेनमधून १,४०० दुचाकी जातात. दुचाकीवर सरासरी सव्वा ते दीड माणूस, म्हणजे अंदाजे १,८०० माणसं.

आता बस. एका बसमध्ये ६० माणसं धरली तर १,८०० माणसांना तासाला ३० बस लागतात. दर दोन मिनिटांना एक. याच्या खाली बस धावल्या तर लेन खरोखरच वाया जाते आणि खराडी_बायपास यांचा राग बरोबर ठरतो. याच्या वर धावल्या तर बसची लेन जिंकते, आणि मोठ्या फरकाने जिंकते, कारण ६० बसही त्याच लेनमधून आरामात जातील. दुचाकींची संख्या मात्र दुप्पट करता येत नाही. फक्त थांब्यावर एकाच वेळी दोन बस उभ्या राहतील एवढी लांबी हवी, नाहीतर मागची बस चौकातच अडकते.

म्हणजे प्रश्न लेनचा कमी आणि बसच्या संख्येचा जास्त आहे.

खराडी_बायपास:
आकडे कागदावर छान आहेत. दर दोन मिनिटांनी बस कोण देणार? पीएमपीचा, म्हणजे दोन्ही शहरांच्या बससेवेचा, तोटा भरून काढायला पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के देते, तरी बस पुरत नाहीत. आधी बस आणा, मग लेन मागा.

येरवडा_वाघोली:
हे उलटं आहे हो. बस गर्दीत अडकली की तिच्या फेऱ्या कमी होतात. वाघोलीहून पुणे स्टेशनला जाऊन परत यायला दोन तासांऐवजी तीन तास लागले, तर तेवढ्याच बस आणि तेवढ्याच ड्रायव्हर-कंडक्टरमध्ये फेऱ्या एक तृतीयांशाने घटतात. सीएनजी-वीज तेवढीच, पगार तेवढाच. लेन दिली की एकही नवी बस न घेता फेऱ्या वाढतात. नगर रोडला तर वाघोली, खराडी, विमाननगर, सगळीकडचे मार्ग येरवड्याला एकत्र येतात. दोन मिनिटांना एक बस ही तिथे अवघड गोष्ट नाही.

बसच्या_रांगेत:
मी विमाननगरहून मंगळवार पेठेत कामाला जाते. सगळे लेनबद्दल बोलताय, थांब्याबद्दल कोणीच बोलत नाही.

आधीचा थांबा रस्त्याच्या मधोमध. तिथे पोचायला अर्धा रस्ता ओलांडायचा, तोही दुचाकी थांबत नसताना. थांब्यावर चढलं की बरं वाटायचं, छप्पर होतं, बसायला जागा होती. पण सरकती काचेची दारं बंद पडलेली आणि ड्रायव्हर बस फलाटाला चिकटवून लावायचाच नाही. दीड-दोन फुटांची फट राहायची. हातात पिशवी, साडी सावरायची आणि उडी मारायची. माझ्या पुढच्या आजी प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात धरायच्या. तो फलाट बसच्या पायरीच्या उंचीचा बांधला होता तो कशासाठी? चढ-उतार सपाट व्हावी म्हणूनच ना?

आता थांबा डावीकडे. डावीकडे म्हणजे दुकानासमोर एक खांब, त्याला पाटी. समोर चार रिक्षा आणि एक टेम्पो. बस कडेला येऊच शकत नाही, दुसऱ्या लेनमध्ये उभी राहते. आम्ही रिक्षांच्या मधून रस्त्यावर उतरतो आणि बसकडे धावतो, मागून दुचाकी डावीकडून घुसतात. पावसाळ्यात तिथेच पाणी साठतं. आणि १ जून २०२५ पासून पाच रुपयांचं पहिलं तिकीट दहा रुपये झालं, महिन्याचा पास ९०० चा १,५०० झाला. जास्त पैसे देऊन कमी सोय.

मला विचाराल तर मधली लेन नको, डाव्या कडेला बसची लेन द्या आणि तिथून रिक्षा हटवा.

सिग्नल_सायकल:
ताई, तुमचं रस्ता ओलांडण्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. प्रत्येक थांब्याला पादचाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल आणि उंचवटा केलेली क्रॉसिंग हवी होती, ती बऱ्याच ठिकाणी नव्हती किंवा बंद होती. पण डावी लेन टिकत नाही. दुकानांचे दरवाजे, सोसायट्यांची गेटं, डावीकडे वळणाऱ्या गाड्या, माल उतरवणारे टेम्पो, सगळं त्याच कडेला. मध्ये लेन घेतात ती याच कारणासाठी. मधल्या लेनचा तोटा चौकात असतो: उजवीकडे वळणाऱ्या गाड्या बसच्या आडव्या येतात, त्यांच्यासाठी सिग्नलला वेगळा टप्पा द्यावा लागतो आणि सगळ्यांनाच जास्त वेळ थांबावं लागतं. उपाय म्हणजे उजवी वळणं काही चौकांत बंद करायची. ते केलं की आमदारापासून दुकानदारापर्यंत सगळे उठतात.

बसच्या_रांगेत:
मग सगळे उठतात म्हणून आम्ही रिक्षांच्या मधून धावायचं?

कसबा_जुना:
एक विचारतो. मेट्रो आली ना? मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत सुरू झाली. जून २०२५ मध्ये केंद्राने रामवाडी ते वाघोली आणि वनाज ते चांदणी चौक या दोन्ही विस्तारांना मंजुरी दिली, पावणेतेरा किलोमीटर, ३,६२६ कोटी. मग बीआरटीचं भूत कशाला उठवायचं? पुढे त्याच रस्त्यात मेट्रोचे खांब येणार, बॅरिकेड लागणार. तुमची लेन राहणार कुठे?

दिल्लीनेही २००८ ला मूलचंद ते आंबेडकर नगर बीआरटी केली आणि नंतर मोडून टाकली. दोन मोठ्या शहरांत लोकांनी एकच गोष्ट नाकारली, याचाही विचार करा.

येरवडा_वाघोली:
मंजुरीत चार वर्षांची मुदत दिलेली आहे. तोपर्यंत वाघोलीकरांनी काय करायचं? आणि बॅरिकेड लागून रस्ता अरुंद होतो तेव्हा तर बसला जागा राखून ठेवायची जास्त गरज. दोन लेन उरल्या तर त्यातून जास्तीत जास्त माणसं कशी न्यायची, हाच प्रश्न असतो.

दुसरं, मेट्रो आणि बीआरटी एकमेकांच्या शत्रू नाहीत. पिंपरीपासून दापोडीकडे जाताना बघा, वरून मेट्रो जाते, खाली बसची लेन चालू आहे. तीच पीएमपी, त्याच बस, तेच ड्रायव्हर. नदीच्या त्या बाजूला चालतं आणि या बाजूला चालत नाही, असं कसं?

कसबा_जुना:
तो रस्ता ६१ मीटरचा आहे साहेब. नगर रोडशी तुलना करू नका.

येरवडा_वाघोली:
रुंदी जास्त आहे, मान्य. पण अरुंद रस्त्यावर जागा कमी म्हणूनच ती मोजून वापरावी लागते. रुंद रस्त्यावर कोणीही लेन देईल.

पिंपळे_सौदागर:
मी औंध-रावेत मार्गावर राहतो. आमच्याकडे चालतं असं म्हणताय, तर थोडी दुरुस्ती. लेन आहे, पण गर्दीच्या वेळी खासगी गाड्या सर्रास आत असतात. चालतं, पण जेवढं चालायला हवं तेवढं नाही. तरीही मी काढू देणार नाही, कारण काढली की परत कधी मिळत नाही हे नगर रोडने दाखवलं.

पुण्याच्या कारभाऱ्यांची एक खोड आहे, बांधायचं आणि पाडायचं. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, कारण मेट्रोसह दुमजली पूल करायचा होता. पंधरा वर्षं पुढचं दिसत नाही का कोणाला? दोन्ही पुलांचे पैसे आपलेच.

खराडी_बायपास:
पूल पाडला ते चूक नव्हतं, बांधला तेव्हा चुकला होता. आणि आता तिथे वरून मेट्रो, मध्ये पूल, खाली रस्ता, अशी व्यवस्था आहे. गाडीवाल्यांनाही शहरात राहायचं आहे, आम्हीही कर भरतो. मला बसला विरोध करायचा नाही. पण माझ्या रस्त्यातली लेन काढून घ्यायची असेल, तर बस आधी माझ्या गेटपर्यंत आली पाहिजे. खराडीच्या आतल्या आयटी पार्कांपासून मुख्य रस्त्यापर्यंत यायलाच अनेकांना रिक्षा करावी लागते. आतून मुख्य रस्त्यापर्यंत आणणारी फीडर बस नाही, फुटपाथ नाही, आणि मग म्हणायचं गाडी सोडा.

बसच्या_रांगेत:
हे मात्र बरोबर बोललात. माझ्या ऑफिसच्या मुली त्याच कारणासाठी स्कूटी घेतात. पहिल्या पगारातून हप्ता सुरू.

सिग्नल_सायकल:
एक व्यवहार्य गोष्ट सुचवतो, दोन्ही बाजूंना मान्य होईल असं म्हणत नाही. पर्णकुटी चौक ते रामवाडी एवढ्याच टप्प्यात, सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, फक्त जाणाऱ्या गर्दीच्या दिशेला बसची लेन. बाकी वेळ सगळ्यांना खुली. कठडे नाहीत, थांबे बांधायचे नाहीत, रंग आणि कॅमेरे. चलन थेट नंबर प्लेटवर. सहा महिने चालवा आणि त्या लेनमधून तासाला किती माणसं गेली ते मोजून दर महिन्याला जाहीर करा. तीस बसच्या खाली राहिलं तर मी स्वतः म्हणेन काढा.

खराडी_बायपास:
कॅमेऱ्याचं चलन लोक भरत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि थांबे डावीकडे, लेन मध्ये, मग बस थांबणार कुठे?

सिग्नल_सायकल:
या टप्प्यात डावी लेनच घ्यावी लागेल, आधीच्या माझ्या सगळ्या आक्षेपांसकट. म्हणूनच सहा तास मागतोय, दिवसभर नाही. त्या सहा तासांत टेम्पो आणि रिक्षा हटवणं वाहतूक पोलिसांना जमू शकतं. दिवसभर जमणार नाही.

येरवडा_वाघोली:
मला सहा तास पुरेसे वाटत नाहीत. पण सुरुवात म्हणून मी यावर सही करेन. आमच्या प्रभागाचे नगरसेवक रविवारी भेटतात, मी हा मजकूर छापून नेतो. खराडी_बायपास, तुम्हीही या आणि फीडर बसचं तुम्हीच मांडा, ते माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं सांगाल.

खराडी_बायपास:
येतो. पण लेनला माझा विरोध आहे तो तिथेही सांगणार.