कॉम्प्रेसर परत चालू होताना एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडते, काय करू?

रंगकाम_सातारा:
स्प्रे पेंटिंगसाठी घरी २ एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर आहे, टाकी रिकामी असली की मस्त उचलतो, ८ बारला बंद पण होतो, पण प्रेशर उतरून परत चालू व्हायला गेला की नुसता हूंऽऽ करतो आणि एमसीबी पडते. मोटर गेली का?

वायरमन_काका:
रिकाम्या टाकीवर उचलते म्हणजे मोटर बहुतेक ठीक आहे. बंद झाल्यावर प्रेशर स्विचपाशी (दाबानुसार मोटर चालू-बंद करतो तो) फुस्स आवाज येतो का? नसेल येत तर अनलोडर व्हॉल्व्ह (बंद झाल्यावर कोंडलेली हवा सोडणारा) अडकलाय, हेडमध्ये म्हणजे पिस्टनच्या वरच्या भागात हवा कोंडते आणि मोटरला त्या दाबावरच फिरावं लागतं.

रंगकाम_सातारा:
येतो की, पण थांबतच नाही, बारीक सूं सूं चालूच.

वायरमन_काका:
मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा टाकीत जाऊ देतो, परत येऊ देत नाही तो) बघा, टाकीतली हवा उलटी येतेय. प्लग काढून, टाकी पूर्ण रिकामी करूनच खोला बरं का. आत कचरा, कार्बन असेल तर साफ करा, सील कडक झालं असेल तर बदला.

गॅरेजवाला:
एमसीबी कुठली आहे पण? बी १६ (बी कर्व्ह, १६ अँपिअर) असेल तर रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला लगेच पडते, मोटर सुरू होताना नेहमीच्या ५-६ पट सहज खेचते, त्यामुळे सी कर्व्ह (सुरुवातीचा झटका सहन करणारी) लागते. पण कोणी ३२ अँपिअरची टाक म्हणालं तर ऐकू नका, वायर जळेल. आणि एक्स्टेंशनवर चालवताय का? बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, मग अजूनच अडकते.

रंगकाम_सातारा:
एक्स्टेंशन आहे दादा, लांबलचक 😅 आधी ती काढतो, रविवारी व्हॉल्व्ह खोलतो.